सहावा मणी

गणपतीचे दिवस होते. झाशीच्या जुन्या शहरात ज्या गणेश मंदिरात १८४२ साली मनूचं, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईचं, गंगाधररावांशी लग्न लागलं, तिथून सात-आठ मिनिटं चाललं की माझ्या आत्याचं घर येतं. गंगाधररावांच्या नेवाळकर घराण्याच्या काळात इथे आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. बाबा नोकरीसाठी पुण्याला गेले, आत्या इथेच राहिली. सरकारी इस्पितळात तिने ३४ वर्षं नर्स म्हणून काढली, त्यातली बरीचशी प्रसूतीच्या वार्डात. ‘भर्ती’, ‘पर्चा’, ‘जच्चा’ हे शब्द तिच्या मराठीत इतके मुरले आहेत की ते हिंदी आहेत हे ती विसरून गेली आहे.

त्या वर्षी माझा चुलतभाऊही आला होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो डॉक्टर आहे. मेळघाटात, धारणीच्या पुढच्या डोंगरातल्या गावांमध्ये, सतरा वर्षं तो कोरकू बायकांना तान्ह्या बाळांची काळजी घ्यायला शिकवतो आहे. जेवणं झाली, पानं उचलली, आणि दादाने पिशवीतून एक लाकडी पट्टी काढून आत्यापुढे ठेवली. पट्टीवर दोन तारा, तारांवर मणी, शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वरच्या तारेवर पाच हिरवे मणी आणि एक लाल, खालच्या तारेवर चार हिरवे आणि एक लाल.

“हे काय, पोरांना पाढे शिकवायला?” आत्याने विचारलं.

“श्वास मोजायला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगांच्या ‘सर्च’मध्ये हे साधन निघालं, त्यावरून मी करून घेतलंय. तिथल्या सुइणी हाताने तरबेज, पण मोजणी दहा-बाराच्या पुढे जायची नाही. आणि न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास ते कळायलाच हवं. मग असं ठरलं, की दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर बाळाला न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या तारेवर, त्याहून मोठं खालच्या.”

“म्हणजे साठ आणि पन्नास.”

“तुला लगेच कळलं. तिला साठ हा आकडा माहीत नसला तरी चालतं.”

आत्याने पट्टी हातात घेतली. सगळे मणी एका बाजूला सारले, परत आणले. मग शांतपणे म्हणाली, “आणि लाल मणी आला की ती बाई काय करते?”

“औषध देते. तिथल्या तिथे.”

“कोण? ही मणी सरकवणारी?”

इथून जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. मी मध्ये मध्ये बोलले, पण बहुतेक वेळ ऐकतच होते. दोघंही माझ्या जवळची, दोघांचीही हयात एकाच कामात गेलेली, आणि दोघांनी नेमकी उलट बाजू धरलेली.

आत्या म्हणाली, “हे बघ, मी हौसेखातर नर्स झाले नाही. साडेतीन वर्षं शिकले, मग दहा वर्षं मोठ्या सिस्टरांची बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे निळं पडलेलं बाळ हातात आलं तर हात थरथरायचा थांबला. जगणं आणि जाणं यात किती बारीक रेघ असते ते मी पाहिलंय. आणि तू सांगतोस, आठवडाभर शिकवलं की झालं! शहरातल्या बाईच्या बाळाला बालरोगतज्ज्ञ, काचेची पेटी, ऑक्सिजन. डोंगरातल्या बाईच्या बाळाला सहा मणी. गरिबाला गरीब उपचार. वर त्याचं कौतुक करायचं.”

दादा चिडला नाही. तो फार क्वचित चिडतो. “आत्या, जुलैत माझ्याकडे ये. सिपना फुगली की पलीकडची गावं दोन-दोन दिवस तुटतात. फोन लागत नाही. नंदुरबारकडे, धडगावच्या डोंगरात, माणसं बांबूला झोळी बांधून आजाऱ्याला खाली आणतात, पेपरवाले तिला ‘बांबूलन्स’ म्हणतात. चिमलखेडीची अंगणवाडी सेविका २०२० साली नर्मदेत होडी वल्हवत पाड्यांवर जायची, कारण लॉकडाऊनमध्ये बायका तिच्यापर्यंत येऊ शकत नव्हत्या. तिथे दीड किलोचं बाळ जन्मलं, की त्याच्या पहिल्या रात्री त्याच्याजवळ कोण असेल? तू नसशील, मीही नसेन. आई, आजी आणि शेजारीण एवढ्याच असतील. त्या तिघींपैकी एकीला काहीतरी यायला हवं, एवढंच माझं म्हणणं.”

“मग रस्ता करा, पूल करा. डॉक्टर पाठवा.”

“करायलाच हवेत. पण ते बाळ आज रात्री जन्मतंय.”

आत्या यावर काही बोलली नाही, पण तिचं समाधान झालं नव्हतं. उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मग तिने जे सांगितलं ते मी एरवी तिला विचारायला धजावले नसते. “२०२४ च्या नोव्हेंबरात, पंधरा तारखेला रात्री, इथल्या मेडिकल कॉलेजात नवजात बाळांच्या वार्डात आग लागली. दहा बाळं त्या रात्री गेली. माझी नोकरी संपून किती वर्षं झाली होती, तरी मी सकाळपर्यंत उंबऱ्यात बसून होते. मला एक सांग. ती बाळं आजारी होती म्हणूनच तिथे आली होती. त्यांना तीच जागा हवी होती. ती घरी असती तर बरी राहिली असती, असं तू मला सांगणार आहेस का?”

“नाही,” दादा म्हणाला. “ते मी कधीच सांगणार नाही.”

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. बाहेर कुठल्याशा मंडळाची आरती स्पीकरवर लागली होती.

मग मी मध्ये पडले. या विषयावर लिहायचं मनात होतं, म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे मी वहीत उतरवून आणले होते. उत्तर प्रदेशात २००५-०६ मध्ये शंभरातली जेमतेम २१ बाळंतपणं इस्पितळात होत. दहा वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, ६८ होऊ लागली. म्हणजे तिपटीहून जास्त. आणि जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणारी बाळं? आधी हजारी ४८, नंतर ४५. इतका मोठा लोंढा घरातून इस्पितळात गेला आणि तान्ह्या मुलांचं मरण तीनानेच हललं. पुढच्या पाहणीत, २०१९-२१ मध्ये, ते ३६ पर्यंत उतरलं, तोवर इस्पितळातली बाळंतपणं ८३ टक्क्यांवर गेली होती.

मला वाटलं होतं आत्या म्हणेल, आकडे घेऊन बस. ती म्हणाली, “खरं आहे. मी त्याच वार्डात होते ना. जननी सुरक्षा योजना आली, इस्पितळात बाळंत झालं की चौदाशे रुपये मिळू लागले, आणि बायकांचा पूर लोटला. एका पलंगावर दोघी, कधी खाली सतरंजीवर. अठ्ठेचाळीस तास ठेवायचं असतं. कोण ठेवणार? घरी दुसरी दोन पोरं, म्हैस, कापणी. सकाळी बाळंत झालेली संध्याकाळी टेम्पोत बसून घरी. आम्ही पर्च्यावर शिक्का मारायचो.”

“आणि बाळ?”

“बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंड पडतं. दूध ओढेनासं होतं. नाळेपाशी पू धरतो. तेव्हा ते माझ्या वार्डात नसतं. ते सौरीत असतं, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत.”

“महिन्याभरात जाणाऱ्या चार बाळांतली तीन पहिल्याच आठवड्यात जातात, आत्या,” दादा म्हणाला. “तू दारातून निरोप दिल्यानंतरचे ते दिवस. तिथे कुणीच नाही. मी त्या रिकाम्या जागेबद्दल बोलतोय. तुझ्या वार्डाच्या बदली काही आणायचं नाहीये मला.”

मग त्याने गडचिरोलीचा प्रयोग नीट सांगितला, आणि मला वाटतं आत्या पहिल्यांदा कान देऊन ऐकू लागली ती इथे. १९९३ पासून ‘सर्च’ने ३९ गावं घेतली, आणि ताडून बघायला शेजारची ४७. प्रत्येक गावातली एक बाई निवडली, पाचवी ते दहावी शिकलेली. तिला ते आरोग्यदूत म्हणतात. पहिलं वर्ष तिने उपचार असे केलेच नाहीत. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन घ्यायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे, पुन्हा पुन्हा जायचं, आणि सगळं लिहायचं. वर्षभर नुसतं बघून बघून तिची नजर तयार झाली. त्यानंतर तिच्या हातात औषध आलं. बाळाला ऊब कशी द्यायची, न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, दूध ओढत नसेल तर वाटी-चमच्याने कसं पाजायचं. आणि रक्तात जंतुदोष पसरला आणि घरचे इस्पितळात न्यायला तयार नसतील, तर आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन. सुरुवातीला त्या गावांत हजार बाळांमागे ६२ महिन्याच्या आत जात. १९९७-९८ पर्यंत हा आकडा साधारण २५ वर आला. शेजारच्या गावांत तसं काही घडलं नाही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं.

“इंजेक्शन,” आत्या म्हणाली. बाकीचं तिने सोडून दिलं. “गावातली बाई. तान्ह्या बाळाला. जेंटामायसिन.”

“हो.”

“जेंटामायसिन जास्त झालं तर कान जातात. मूत्रपिंडं जातात. दोन किलोच्या बाळाचा डोस आणि तीन किलोच्या बाळाचा डोस वेगळा. सिरिंजवरची एक रेघ चुकली तर? आमच्या नव्या पोरींच्या हातून चुकायची, त्या शिकलेल्या होत्या.”

“म्हणूनच वजनकाटा तिच्या पिशवीत आधी जातो, सुई नंतर. वजनाप्रमाणे किती द्यायचं याचा तक्ता असतो. आणि दर पंधरा दिवसांनी डॉक्टर येऊन तिची वही तपासतो, घरोघर जाऊन बाळं बघतो. तिच्या उपचारांआधी जंतुदोष झालेल्या शंभर बाळांतली सोळा-सतरा दगावत होती. उपचार सुरू झाल्यावर तीनसुद्धा नाहीत.”

“पंधरा दिवसांनी डॉक्टर,” आत्याने तेवढंच उचललं. “मघापासून तू मला नुसती बाई सांगत होतास. तिच्यामागे डॉक्टर आहे हे आत्ता सांगतोस.”

दादा हसला, मग गंभीर झाला. “तुझं बरोबर आहे. हे मलाही उशिरा कळलं. माझी पहिली तुकडी बारा बायकांची होती. चांगलं शिकवलं, पेट्या दिल्या, फोटो काढले. मग पैसे संपले, जीप बंद झाली, मी सहा महिने वरच्या गावांना फिरकलो नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गेलो तर नऊजणींनी काम सोडलेलं. एक म्हणाली, पेटीत औषध नव्हतं तेव्हा मी लोकांच्या घरी गेले, तर म्हणाले, रिकाम्या हाताने काय बघायला आलीस? तिची गावात लाज गेली, आणि ती मी घालवली.”

मला या वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. गावातल्या बाईला आरोग्यसेविका करण्याच्या ज्या योजना फसल्या, त्यांचं खापर बहुतेक वेळा बाईवर फुटतं. ती कमी शिकलेली, ती घाबरट, ती घरात अडकलेली. पेटी कधी रिकामी झाली आणि भरायला कोण आलं नाही, हे फार थोडे लोक विचारतात.

मग जामखेडचा विषय निघाला, तो निघणारच होता. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे गेले. आधी त्यांनी प्रशिक्षित नर्स गावांत बसवायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या एकट्या नर्सला गावात राहणं अवघड, आणि गावालाही ती परकी. मग त्यांनी गावातल्याच बायका घेतल्या. बऱ्याचशा दलित, बऱ्याचशा निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, एकत्र जेवायचं, शिकलेलं घेऊन परत जायचं.

“एकत्र जेवायचं?” आत्याने विचारलं. “सगळ्या जातींच्या?”

“सगळ्या.”

आत्या जरा वेळाने म्हणाली, “इथे खेड्यांत नाळ कापायची ती बसोरीण. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांतली. नाळ तिने कापायची, घाण तिने काढायची, आणि काम झालं की तिने अंगणाबाहेर बसायचं. धान्य वरून टाकायचे तिच्या पदरात. बाळ तिच्या हातात चाललं, भांडं नाही चाललं. मी लहान असताना हे पाहिलंय. आमच्या मराठी घरांतही वेगळं नव्हतं काही.”

“जामखेडला त्याच बायका पुढे सवर्णांच्या माजघरात शिरल्या, बाळ बघायला. भांड्याचा प्रश्न नंतर नंतर कुणी काढेना.”

“आणि पगार?” आत्या म्हणाली.

दादाने उत्तर द्यायला वेळ घेतला. “पगार नव्हता. आरोळ्यांचा विचार असा होता, की पगार घेतला की ती गावाची राहत नाही, संस्थेची नोकर होते. तिला कर्ज, शेळ्या, छोटा धंदा, यातून उभं केलं त्यांनी. मलाही बरीच वर्षं तेच पटत होतं.”

“डॉक्टरला पगार दिला की तो लोकांचा राहत नाही, असं कधी कुणी म्हणालंय?”

दादा गप्प.

“मला दर महिन्याला पगार मिळत होता. मी बायकांची नव्हते? रात्रपाळी करून सकाळी घरी येताना माझ्या पर्समध्ये पैसे असायचे म्हणून मी तुझ्या बापाची फी भरली. सेवा, सेवा! हा शब्द फक्त बायकांच्या कामाला कसा लागतो रे? कलेक्टरची सेवा नसते, त्याची नोकरी असते.”

इथे मी पूर्णपणे आत्याच्या बाजूची आहे. जामखेडच्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे. त्या बायकांनी स्वतःच्या गावाचं जे केलं ते पैशात मोजता येणार नाही हेही खरं. पण एका संस्थेतलं, माणसं एकमेकांना ओळखत असलेलं ते नातं उचलून सरकारने साऱ्या देशासाठी धोरण केलं, तेव्हा त्यातली माया मागे राहिली आणि बिनपगार तेवढा पुढे आला. २००५ मध्ये ‘आशा’ योजना सुरू झाली. हजार लोकवस्तीला एक बाई, डोंगराळ आणि आदिवासी भागात वस्तीला एक. आज देशात त्या दहा लाखांच्या घरात आहेत. कागदोपत्री त्या स्वयंसेविका, मिळतो तो मुख्यतः कामागणिक मोबदला. २०२१ च्या जूनमध्ये, कोविडच्या धामधुमीत, महाराष्ट्रातल्या हजारो आशांनी संप केला. पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला.

मोबदल्याचा हिशेब आत्याला तोंडपाठ होता. “बाईला बाळंतपणासाठी इस्पितळात आणलं की आशाला सहाशे रुपये. बाळंतीण घरी गेल्यावर बाळाला बघायला जायचं, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सहाही भेटींचे मिळून अडीचशे.”

“म्हणजे भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत,” मी म्हटलं.

“मग ती काय करेल? जिथे सहाशे आहेत तिथे पळेल. आमच्या वार्डाच्या दाराशी तिची गर्दी, आणि तुझ्या त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सौरीत कुणी नाही. लोक तिला दलाल म्हणू लागले. तिचा काय दोष?”

या सहा भेटी आल्या कुठून, हे दादाने सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं. त्या गडचिरोलीच्याच प्रयोगातून आल्या. २०११ मध्ये सरकारने त्या देशभर आशांना दिल्या. इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती दिलं नाही. २०१४ मध्ये जेंटामायसिन द्यायची परवानगी एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सला, मिळाली, आणि एका एएनएमच्या वाट्याला पाच-पाच गावं असतात.

“घरी जायचं ते घेतलं, हातात काय घेऊन जायचं ते सोडलं,” दादा म्हणाला.

“इंजेक्शन सोडलं ते बरंच केलं,” आत्या म्हणाली. तिथे ती हलली नाही. मी तिला नंतरही विचारलं, अजूनही हललेली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पंधरा दिवसांनी येणारा डॉक्टर आधी दाखवा, मग सुईचं बोलू. आणि मला ते हट्टाचं वाटत नाही.

पण एका गोष्टीवर ती नरमली. ती गोष्ट डंब्याची. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं, ते धापा टाकू लागलं की तापवलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. भूमका, म्हणजे कोरकूंचा मांत्रिक, देतो, कधी घरातली म्हातारी देते. दादाने आधी व्याख्यानं दिली, पोस्टर लावली, पोलिसांची भीती घातली. लोक त्याच्यासमोर मान हलवायचे आणि तो गेला की विळा तापवायचे.

“माझ्याकडे एक बाई आहे,” दादा म्हणाला. “चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या स्वतःच्या पोटावर डंब्याचे व्रण आहेत. ती म्हातारीशेजारी चुलीपाशी बसते, कोरकूत बोलते, पदर सारून व्रण दाखवते आणि म्हणते, आई सांगते मी यानेच जगले. माझा भाऊही यानेच जगेल म्हणून त्यालाही दिला. तो नाही जगला. एवढंच बोलते. मग पिशवीतून हे मणी काढते आणि म्हातारीलाच सरकवायला लावते. आत्या, हे मला सतरा वर्षांत जमलेलं नाही. माझ्या पोटावर व्रण नाहीत.”

आत्या बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दागणं इथेही आहे. पलीकडे मध्य प्रदेशात तर फारच. वार्डात यायची तशी बाळं. आम्ही आयांना ओरडायचो. खूप ओरडायचो.” थोड्या वेळाने, जरा वेगळ्याच आवाजात, “लक्ष्मीबाईचं बाळ चार महिन्यांचं होऊन गेलं. १८५१ मध्ये जन्मलेलं. राजवाड्यात वैद्य होते, दाया होत्या. ते बाळ जगलं असतं तर दत्तकाचा प्रश्नच आला नसता. तेव्हा राजाच्या बाळालाही वाचवता येत नव्हतं. आता येतं, म्हणून तर राग येतो.”

पाच वाजले असतील. खालून कुणीतरी “सिस्टरजी” अशी हाक मारली. एक तिशीतली बाई जिन्याने वर आली, जांभळ्या साडीत, खांद्याला रेक्झिनची पिशवी. मऊरानीपूरच्या रस्त्यावरच्या एका गावची आशा. इथे त्यांना आशा बहू म्हणतात. याचंही कारण आत्याने मला मागे सांगितलं होतं. लेक लग्न होऊन परगावी जाते, सून गावात राहते, म्हणून सरकारने सून निवडली. “आणि सून म्हणजे घरातलं सगळ्यांत कमी बोलणारं माणूस,” आत्या म्हणाली होती. “सासऱ्यापुढे पदर ओढून उभी राहणारी. तिला गावभर बोलायला लावलं. हे एक मात्र खरंच मोठं झालं.”

ती एका बाईला प्रसूतीसाठी घेऊन आली होती, पहाटे चारपासून इस्पितळात होती, आणि परतीच्या बसला वेळ होता. आत्याकडे अशा तीन-चारजणी येऊन बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. दादाने ते ऐकून माझ्याकडे बघितलं. आत्याने आम्हा दोघांकडेही बघितलं नाही, ती चहा टाकायला गेली.

दादाने तिला मणी दाखवले. ती हसून म्हणाली (बुंदेलीत, मी मराठीत सांगते आहे), “मी मोबाइलवर मिनिट लावून मोजते. साठच्या वर गेले तर सांगते, झाशीला चला. ते म्हणतात, रात्री गाडी कुठली? तू आत्ता काय देतेस ते सांग. मी पेटी उघडून दाखवते. पॅरासिटामॉलचं पान आहे, ओआरएस आहे. दुसरं औषध होतं, ते चैतात संपलं.”

“आणि वजन?” आत्याने आतून विचारलं.

“काटा बिघडलाय ना, सिस्टरजी. तीन महिने झाले. किराणा दुकानातल्या तागडीत ठेवते. नऊ जणांना विचारून झालं, नवा कधी येणार म्हणून.”

“मग रजिस्टरमध्ये काय लिहितेस?”

ती थोडी घुटमळली. “जे तागडीत येतं ते. काही जणी अंदाजाने लिहितात. मी नाही लिहीत.”

खालच्या मजल्यावरच्या भाडेकऱ्यांचं बाळ दीड महिन्याचं होतं. आत्याने कपबश्या तशाच ठेवल्या, खाली गेली आणि बाळाला घेऊन आली. ते रडत होतं. आशा बहूने लगेच मणी हातात घेतले. आत्याने तिचं मनगट धरलं. “रडताना नाही मोजायचं. कितीदा सांगितलंय? आधी शांत होऊ दे. छातीकडे नको बघू, पोटाकडे बघ.” बाळ तिच्या खांद्यावर थोपटल्यावर झोपलं. तिने ते गादीवर ठेवलं, झबलं वर सारलं. दादाने घड्याळ उलटं केलं आणि वाळू पडू लागली. आत्याने स्वतःचं मनगटी घड्याळ डोळ्यांजवळ धरलं.

एक मणी. दोन. बाळाचं पोट वरखाली होत होतं. खोलीत चार माणसं होती आणि कुणाचाही आवाज नव्हता. तीन. चार. वाळू संपली तेव्हा आशा बहूचं बोट पाचव्या मण्याला टेकून थांबलेलं होतं.

“शेहेचाळीस,” आत्या म्हणाली. “बरोबर आहे.” मग बाळाचं झबलं खाली ओढत तिने विचारलं, “त्या वजनकाट्याचा अर्ज लेखी दिला होतास का? कुणाच्या नावाने?”